आंब्याला टांगलेला फोन

माझं लग्न ठरत होतं त्या पावसाळ्यात आईने माझा फोन पिशवीत घालून बांधावरच्या आंब्याला टांगला. मोबाइलच्या लहरींनी हाडं पोकळ होतात आणि स्नायू सैल पडतात, असं तिने कुठल्याशा फॉरवर्डमध्ये ऐकलं होतं. तीस वर्षं भाताची आवणी करून, वाकून रोपं लावून तिचा खांदा धरला होता; त्याचा सगळा दोष तिने माझ्या तीन महिन्यांच्या फोनवर टाकला. तळेगावच्या डॉक्टरांनी समजावलं, की असं अजून नक्की सिद्ध झालेलं नाही, मान वाकवून तासन्‌तास बघू नका म्हणजे झालं. पण त्यांच्याच खिशात दोन मोबाइल दिसले आणि आईचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. पोरगी सासरी धडधाकट गेली पाहिजे, हा तिचा शेवटचा शब्द.

मी तर हवेतच होते. हसायला कारण लागत नव्हतं. फक्त एक गोष्ट आतून कुरतडत होती. बघायला आला तेव्हा मुलगा सगळा वेळ चहाच्या कपात बघत बसला होता. होकार त्याचा की त्याच्या वडिलांचा, हे सुपारी फुटायच्या आत मला कळायलाच हवं होतं.

त्या दिवशी आमच्या खाचरात दहा बायका आवणीला होत्या. मुलगा कामाला होता त्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली आणि त्याच्या फोनने आंबा वाजू लागला. सगळ्यांचे हात चिखलाचे. बांधावर उभ्या चुलतीने पिशवीसकट फोन खाली घेऊन कोपराने कॉल कसाबसा उचलला, स्पीकर चालू केला आणि पिशवी परत फांदीला अडकवली. पाऊसपाण्याचं विचारून वेळ मारून नेता आली असती, पण माझ्या पोटात काही राहत नाही. मी खाचरातूनच ओरडून विचारलं, "तुम्ही हो म्हणालात ते मनापासून का?"

रोपांच्या मुठी जिथल्या तिथे थांबल्या. एका म्हातारीने तर नीट ऐकू यावं म्हणून डोक्यावरचं इरलं काढलं.

"मनापासूनच," आंब्यावरून आवाज आला. "पण मला सगळ्यांनी विचारलं. तुम्हाला कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. माझ्याही ते तेव्हाच ध्यानात आलं. आई खांद्याला हात लावत सरळ झाली आणि चिखल तुडवत माझ्यापाशी आली.

"व्हय गं, तुला इचारायचंच राह्यलं," ती हळूच म्हणाली. "तुझं काय म्हननं हाय?"

मला हसू फुटलं, आणि डोळ्यांतून धारा. तिकडे फोन हॅलो हॅलो करत होता. मी आधी आईकडे बघून हो म्हणाले, मग आंब्याकडे बघून ओरडून.