गालावरचं बोट

सकाळी ऑफिसात शिरून मी अजून पर्स खाली ठेवायची असे, तोच तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट माझ्या गालावरून फिरायचं. वरून खाली, एकदाच. मग ती ते बोट खिडकीच्या उजेडात धरून पाहायची, रुमालाच्या एका कोपऱ्याला पुसायची आणि म्हणायची, "अजून तेल निघूनच राहिलं गं."

रुमालाचा तो कोपरा माझ्यासाठी राखून ठेवलेला होता. बाकीचा रुमाल तिच्या कामाचा.

तोंडावर मी तिला ताई म्हणत असे आणि अहो-जाहो करत असे. सेक्शनमधले हिंदी लोक दीदी म्हणत. पण मनात मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगंच करत आले, तेव्हा इथं खोटा मान कशाला द्यायचा? जबलपूरच्या एका सरकारी ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. ती सीनियर, मी तिच्या हाताखाली. मराठी आम्ही दोघीच, म्हणून सगळ्यांची समजूत अशी की आमचं फार मेतकूट असणार. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल. नसेल तर देवाचे आभार माना.

तिचा कोणी पूर्वज मराठ्यांच्या अमलात कारकून म्हणून इकडे आला होता. तो अंमल कधीच संपला, पण महाराजपुरातल्या तिच्या घरात चालूच होता. ऑफिसात तिचं पाणी वेगळं, पेला वेगळा, चहा घरून थर्मासमध्ये. कोणाच्या वाढदिवसाला केक कापला की ती खुर्ची मागे सरकवून म्हणायची, "आमच्यात चालत नाही." समोसा आमच्यात चालत नाही, बाहेरचं लोणचं आमच्यात चालत नाही. त्या 'आमच्यात' मध्ये मी नव्हते हे वेगळं सांगायला नको. माझं आडनाव ऐकलं त्या दिवशीच तिनं मला कुठं बसवायचं ते ठरवून टाकलं होतं. एकदा माझी आई पाय मोडून पडली तेव्हा ती कांचघरला आमच्या घरी आली. उंबऱ्याजवळ उभ्या उभ्या चौकशी केली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर म्हणाली, "आत्ताच पिऊन निघाले."

अशा बाईला कोरियाचं वेड लागलं, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. मला तर अजून येतं.

तिची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरीत. चांगली शिकलेली, हुशार, पण चेहरा तेलकट आणि पुरळानं भरलेला. लग्नाचं पाहणं सुरू होतं. नागपूरचं एक स्थळ महालक्ष्म्यांच्या जेवणाला येणार असं ठरलं आणि त्या दिवसापासून ताईनं एकच ध्यास घेतला. "तोवर पोरीचा चेहरा काचेवाणी व्हायला पाहिजे," ती म्हणायची. दुपारच्या सुट्टीत ती फोनवर त्या गुळगुळीत कोरियन मुलींचे व्हिडिओ पाहायची आणि दहीभाताचा घास हातातच राहायचा.

मग एक दिवस तिनं पिशवीतून तीन-चार बाटल्या काढल्या. खोक्यातून काढलेल्या, नावावर कागद चिकटवून त्यावर तिच्या सुबक अक्षरात 'आधी', 'मग', 'सगळ्यात शेवटी' असं लिहिलेलं.

"तुझी अन् माझ्या पोरीची स्किन सेम आहे," ती म्हणाली. "चल, तुला लावून देते."

मी गेले. का गेले ते सांगते. शाळेत असल्यापासून माझ्या गालांवर पुरळ होतं आणि तेव्हा माझी पस्तिशी आली होती. बेसन झालं, मुलतानी माती झाली, कडुलिंब झाला. कोणी जळत्या निखाऱ्याची राख लाव म्हणालं असतं तरी लावली असती. आणि इतक्या वर्षांत आपणहून कोणी माझ्या चेहऱ्याला हात लावायला तयार झालं होतं, याचंही मला अप्रूप वाटलं.

लेडीज बाथरूमच्या आरशासमोर रोज आमचा कार्यक्रम चाले. आधी एक तेल चोळायचं. "तेलानंच तेल निघते. काट्यानं काटा," ती सांगायची. मग फेस. मग तांदळाच्या पाण्यासारखं काहीतरी. मग एक चिकट, तार सुटणारं द्रव, ते चोळायचं नाही, थापटायचं. "थापट, थापट! पोळी लाटून राहिली का?" ती ओरडायची. त्यावर दाट क्रीम, त्यावर आणखी एक क्रीम. बाहेर जबलपूरचा मे महिना. कूलर दमट वारा फेकत असायचा आणि ते सगळे थर माझ्या हनुवटीवरून ब्लाउजच्या गळ्यात उतरायचे. दुपारपर्यंत माझं तोंड तुपातून काढलेल्या अनारशासारखं दिसे. पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणायचे, "मैडम, आज तो लाइट जलाने की ज़रूरत ही नहीं."

पंधरवड्यात कपाळावरही पुरळ आलं. पूर्वी तेवढी एक जागा मोकळी होती.

"आधी बाहेर येते सगळं, मग साफ होते," ती म्हणाली. हे तिला फोननं सांगितलं होतं. मी लावत राहिले. पण एका दुपारी मी बाथरूमच्या दाराशी होते आणि ती आत मुलीशी फोनवर बोलत होती. "घाई नको करू. आधी हिच्यावर पाहून घेते. हिला सोसलं की तुला पाठवते."

तुम्हाला सांगते, मला रडू नाही आलं. हसू आलं. भाजीत मीठ पडलं की नाही हेसुद्धा नैवेद्य दाखवल्याशिवाय जी चाखत नव्हती, ती मुलीच्या चेहऱ्याचं सगळं आधी माझ्या गालावर चाखून पाहत होती. माझ्या घरचं पाणी तिला चालत नव्हतं. माझा चेहरा चालत होता. त्या दिवसापासून तिच्याबद्दल माझ्या मनात जी अढी बसली ती आजतागायत सुटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून सदर बाजारातल्या एका त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं, मी काय काय लावते ते विचारलं आणि कपाळावर हात मारला. "चेहरा है, दीवार थोड़ी है कि पुट्टी पे पुट्टी चढ़ाती जा रही हैं!" त्यांनी साधा फेसवॉश आणि रात्री लावायला एक मलम दिलं. फेसवॉश घ्यायला जवळच्याच दुकानात गेले तर काचेच्या कपाटात ती तार सुटणारी बाटली दिसली. इथं ती खोक्यात होती आणि खोक्यावर शिंगं उभारलेली एक गोगलगाय होती.

"ये क्या है?" मी दुकानातल्या मुलीला विचारलं.

"घोंघे का है मैडम, वो जो चिपचिपा छोड़ता है ना, वही. बहुत चलता है."

त्या रात्री मी इतक्या गाढ झोपले की काय सांगू. अंड्याच्या भीतीनं केक न शिवणारी बाई बोटांनी गोगलगायीचा चिकटा थापटत होती! ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली नाही. असा ऐवज उगाच उधळत नाहीत. मी चांगल्या दिवसाची वाट पाहायची ठरवली.

औषधाचं मात्र मी तिला स्पष्ट सांगितलं. "ताई, मी तुमचं सगळं बंद केलं आहे. डॉक्टरचं मलम लावते. पोरीलाही दाखवा." तिनं हात झटकला. पुढे माझा चेहरा हळूहळू निवळत गेला, तेव्हा ती सेक्शनभर सांगत सुटली, "देखा? हमने किया है!" मी पुन्हा औषधाचं नाव काढलं तर म्हणाली, "मलम तर कोणीही देते गं. पण थापटलं कोणी?" आणि राखीपौर्णिमेच्या सुमारास बाटल्यांचा अख्खा संच पुण्याला रवाना झाला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमचा सेक्शन दरवर्षी जात असे. आमची पानं बाहेरच्या व्हरांड्यात असत, घरची आणि पाहुण्यांची आत. मी त्या दिवशी मुद्दाम नवी साडी नेसले. वाक्य तयार होतं. आरतीनंतर सगळ्यांदेखत, अगदी सहज विचारणार होते की ताई, गोगलगाय सोवळ्यात चालते का हो?

आम्ही पोचलो तेव्हा नागपूरची मंडळी दिवाणखान्यात बसलेली होती. मखरात ज्येष्ठा-कनिष्ठा शालू नेसून उभ्या होत्या. सोळा भाज्या झाल्या होत्या, फुलोरा टांगलेला होता, नैवेद्य वाढायचा होता. पुण्याहून आलेली मुलगी मात्र कुठं दिसेना. तेवढ्यात ताई बाहेर आली. सोवळ्यातली, केस ओले, चेहरा पांढराफटक. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

"चल. लवकर चल."

आणि तिनं मला ओढत नेलं ते थेट स्वयंपाकघरातून. मी तशीच ऑफिसच्या लोकांबरोबर ऑटोतून उतरलेली. चुलीपाशी बसलेली तिची जाऊ किंचाळली, "वहिनी, अहो सोवळं!" पण तिला ते ऐकूच गेलं नाही.

मागच्या खोलीत मुलगी पलंगावर बसली होती. चेहऱ्यावर डोळ्यांपुरती भोकं असलेला ओला पांढरा कागद चिकटवलेला. हा शेवटचा उपाय असावा. ताईनं तो एका बाजूनं उचलून मला दाखवला. गाल लालभडक सुजले होते, हनुवटीवर पिवळी टोकं आली होती.

"तुझं तर बरं झालं होतं," ती म्हणाली. "तू काय केलं होतं सांग. हिचं काहून असं होऊन राहिलं? आठवडा झाला, रोज मी माझ्या हातानं लावून देते."

"मी डॉक्टरकडे गेले होते, ताई. सांगितलं होतं तुम्हाला." आणि मग, या दिवसासाठी राखून ठेवलेलं ते मी काढलंच. "तुम्ही लावता त्यात गोगलगायीचा चिकटा असतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून तर खोके घरी ठेवत होती. पोरीला लावून देते अन् डोक्यावरून आंघोळ करते, तेव्हा देवाजवळ जाते." ती पलंगाच्या कडेवर टेकली. "शाळेपासून ही फोटोत मागंच उभी राहते गं. आईला दिसत नाही काय ते? काय काय करावं मग आईनं?"

मला तिची दया आली. हो, आली. क्षणभर माझा सगळा डाव विरून गेला. मी फक्त विचारलं, "मग मला का नाही सांगितलं, ताई?"

तिनं माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्यानं पाहिलं. "तुला सांगून काय? तुमच्यात तर चालते ना."

आमच्यात गोगलगाय चालते हे मला त्या दिवशी कळलं.

"आई, बस कर," मुलगी म्हणाली. तिनं तो कागद ओढून काढला आणि चुरगळून पलंगावर टाकला. "अब बस कर." मग माझ्याकडे वळून तिनं अडखळत, आठवून आठवून मराठीत विचारलं, "मावशी, तुम्ही असा चेहरा घेऊन रोज ऑफिसला जात होत्या?"

"रोज."

"लोग देखते थे?"

"पहिले काही दिवस. मग त्यांनाच कंटाळा येतो."

ती उठली. मग मोरीत जाऊन नुसत्या पाण्यानं तोंड धुतलं, टॉवेलनं टिपलं आणि म्हणाली, "चलो." ताई मागून "पावडर तरी लाव गं" म्हणत राहिली. मुलगी तशीच लाल तोंडानं दिवाणखान्यात गेली, नागपूरच्या मंडळींना नमस्कार केला आणि आरतीला सगळ्यांत पुढे उभी राहिली. जेवणं झाल्यावर फोटो निघाला, त्यातही ती पुढे होती, ज्येष्ठेच्या शेजारी. मी तिला डॉक्टरचं नाव कागदावर लिहून दिलं.

त्याआधी, आरती सुरू व्हायच्या वेळी, मी व्हरांड्याकडे परतताना मागे वळून पाहिलं. ताई स्वयंपाकघरात वाकून माझी पावलं पडली होती तिथं तिथं गोमूत्र शिंपडत होती.

नागपूरहून नकार आला. ताईनं जावेला सांगितलं की सोवळं मोडलं म्हणून, आणि ते ऑफिसपर्यंत येऊन पोचलं. मुलीनं पुढच्या वर्षी पुण्यातच स्वतःचं स्वतः लग्न ठरवलं. तोवर तिचा चेहरा बराच निवळला होता, म्हणे. ताई मात्र सांगायची, "आधी बाहेर येते सगळं, मग साफ होते. मी सांगितलं नव्हतं?"

गेल्या वर्षी ती रिटायर झाली आणि घर भाड्यानं देऊन मुलीकडे पुण्याला निघाली. जाण्याआधी कांचघरला माझ्याकडे आली. हातात कापडी पिशवी, आत त्या उरलेल्या बाटल्या. "फेकवत नाही गं. तुझ्या कामी येतील." या वेळी ती उंबरा ओलांडून खुर्चीवर बसली. मुलीचं कौतुक सांगता सांगता तिचे डोळे भरले. मी आत जाऊन पाणी आणलं.

"आत्ताच पिऊन निघाले," ती म्हणाली.

मग उठली, पिशवी टेबलावर ठेवली आणि दारात थांबून तिनं नेहमीसारखं मधलं बोट माझ्या गालावरून फिरवलं. वरून खाली, एकदाच. बोट उजेडात धरून पाहिलं. बोट कोरडं होतं. तिलाही ते दिसलं, कारण ती हसली.

जिना उतरताना तिनं कमरेचा रुमाल काढला आणि ते कोरडं बोट त्याच कोपऱ्याला पुसलं.