कुंदाची चूक मी वगळणार नाही

त्या गुरुवारी मी पेणच्या वाचनालयात कुंदाची वाट पाहत होते. निवृत्त होऊन ती निडीला भावाकडे राहायला आली, तेव्हापासून दर गुरुवारी सकाळच्या गाडीने यायची, दोन पुस्तकं बदलायची, माझ्या डब्यातलं खायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. गाडी येऊन गेली... कुंदा आली नाही. मग तिच्या धाकट्या भावाचा, दत्ताचा फोन आला. निडीच्या फलाटावर, बाकावर बसल्या जागी ती गेली होती. पिशवीत दोन्ही पुस्तकं होती. एक संपलेलं, एक अर्धं.

तिच्यावर लिहायचं ठरल्यावर मी दत्ताला फोन केला. तो म्हणाला, "लिही गो सुमनताई. पण ते विमानांचं तेवढं वगळ. गेलेल्या माणसाचं चांगलं लिवावं."

तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं. आज सांगते, वगळणार नाही. आणि मी चांगलंच लिहिते आहे.

आम्ही रोह्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिच्या घरी भातशेती, भातामागून वाल. गणितात ती सगळ्यांच्या पुढे होती. पुढे ती एका मोठ्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक झाली. हे काम काय असतं ते निडीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. "पोरगी विमानांना शिट्टी मारते," असं तिचे वडील अभिमानाने सांगत. मला तिने एकदा समजावलं होतं. आकाशात मजले आहेत असं समज. एका जागी, एका मजल्यावर एकच विमान. तिथलं विमान 'मी हा मजला सोडला' असं स्वतः कळवत नाही, तोवर तो दुसऱ्याला द्यायचा नाही. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी तिच्यासमोर असे, त्यावर विमानाचं नाव आणि उंची. विमान हललं की पट्टी हलायची.

एका दुपारी, आकाशात गर्दी असताना, तिने एका विमानाला वर जायला सांगितलं. ते गेलंच असं धरून चालली आणि त्याचा मजला खालून येणाऱ्या दुसऱ्याला देऊन टाकला. पहिलं अजून तिथेच होतं. रडारवर तिच्या लक्षात आलं, तिने दुसऱ्याला लगेच बाजूला वळवलं. नियमापेक्षा कमी अंतर ठेवून दोन्ही विमानं निघून गेली. आतल्या कुणाच्या चहाचा थेंब सांडला नसेल. शेजारच्या सहकाऱ्यालाही ती चूक नोंदवायला बसली तेव्हाच कळलं. तो म्हणाला, "मॅडम, कुणी पाहिलं नाही. कशाला लिहिता?"

"मी पाहिलं ना," कुंदा म्हणाली, आणि लिहिलं.

चौकशी झाली. काही महिने तिला त्या खुर्चीवर बसू दिलं नाही, परीक्षा पुन्हा द्यावी लागली. ती दिली आणि परत त्याच खुर्चीवर जाऊन बसली. गावात मात्र पहिला अर्धाच भाग पोचला. रोह्यात एका लग्नाच्या पंगतीत एक बाई मोठ्याने म्हणाली, "काय गो कुंदे, विमानं आदळवलीस म्हणं? काढली ना तुला?"

"आदळली असती तर पेपरात वाचलं असतंस. आदळली नाय, म्हणून तुला मला विचारायला लागतंय. जिलबी वाढू?"

पंगत हसली. मी तिच्या शेजारी बसून ताटाकडे पाहत राहिले. तिच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. ते आजवर मला टोचतं.

शेवटची काही वर्षं ती नव्या मुलामुलींना शिकवत होती. पहिल्या दिवशी पहिलाच धडा म्हणून ती स्वतःची चूक सांगायची, स्वतःच्या नावानिशी. 'लपवली असती तर तीच चूक आणखी कुणी केली असती,' एवढंच तिचं म्हणणं. तिच्या हाताखाली शिकलेली माणसं आज आपल्या डोक्यावरची विमानं सांभाळत आहेत. अशा बाईच्या आयुष्यातला हाच दिवस मी झाकून ठेवू?

निडीच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी तिने सुताराकडून एक फळी करून घेतली होती. घरातलं कुणी बाहेर निघालं की फळीच्या खाचेत त्याची पट्टी लागायची. नाव, कुठे, परत कधी. माणसाने स्वतः येऊन 'आलो' म्हटल्याशिवाय पट्टी निघायची नाही. दत्ता एकदा कोलाडहून आला तो न बोलता परस्पर मागच्या खळ्यावर गेला. "दोन तास घराच्या मागं होतो," तो सांगायचा, "पण हिच्या लेखी कोलाडातच!"

परवा मी निडीला जाऊन हा लेख दत्ताला वाचून दाखवला. विमानांचंही. तो खाली मान घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "मला वाटायचं, तिला काढलीच होती. म्हणून कधी विचारलं नाय गो..." मग डोळे पुसून म्हणाला, "छापू दे. सगळं छापू दे."

पाणी प्यायला आत गेले. फळीवर एकच पट्टी होती, तिच्या गोल अक्षरातली. कुंदा, पेण, दुपारची गाडी.

"काढली नाहीस?" मी विचारलं.

"कशी काढू? 'आले' असं तिनं अजून सांगितलं नाय."