न उडता लिहायचे तास

विमान शिकणाऱ्या माणसाचा बहुतेक वेळ विमानात जात नाही, कडुनिंबाखाली जातो. धुळ्याच्या धावपट्टीच्या कडेला आमच्या क्लबचं पत्र्याचं ऑफिस आहे आणि त्याच्यापुढे एक बाक. सकाळी धुरकट आहे म्हणून बसायचं, दुपारी वारा आडवा आहे म्हणून बसायचं, विमानाचा सुटा भाग आला नाही म्हणून बसायचं. या बसण्याला लॉगबुकात रकाना नाही. त्यामुळे ते सगळे तास किश्श्यांत जमा होतात. आता इतके झालेत की मी घरी सुरुवात केली की मुलं उठून आत जातात.

माझं आधी सांगते. पाचोऱ्यात आमचं शेती अवजारांचं दुकान आहे, नवरा आणि मी मिळून चालवतो. शनिवार-रविवार धुळ्याला येऊन मी विमान शिकले. नोकरीसाठी नाही, हौसेसाठी. 'बाईमाणसाला ही कसली हौस' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे किस्से नाहीत.

*

हौसेच्या लायसन्सलाही ठरावीक तास उडावंच लागतं आणि प्रत्येक उड्डाण लॉगबुकात शाईने लिहावं लागतं. उडण्यासाठी विमान स्वतःच्या जोरावर हललं की वेळ सुरू, उड्डाण संपवून थांबलं की वेळ बंद. हे आम्हाला शिकवलं कॅप्टननी. ते आमचे मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या सहीशिवाय आमच्या लॉगबुकातलं अक्षरही खरं नाही.

एकदा मी विमान धावपट्टीच्या तोंडाशी नेलं आणि समोर शेळ्या! इंजिन चालू ठेवून बसले. शेळ्या हलल्या तोवर वारा फिरला. आले परत. तरी मी लॉगबुक पुढे केलं.

"उडालीस का?" कॅप्टननी विचारलं.

"नाही सर, पण उडायचा हेतू होता."

"हेतूचे तास धरले तर मी आत्तापर्यंत चंद्रावर निवृत्त झालो असतो," असं म्हणून त्यांनी लॉगबुक मिटलं.

*

धरणगावचे प्रकाशशेठ कापसाचे व्यापारी, तीन पिढ्या जिनिंगमध्ये. गृहस्थ अतिशय सरळ. एकटे विमान उडवायला लागल्यावर ते स्वतःची नोंद स्वतः करायचे. बरेच महिने त्यांचे तास काही केल्या पुढे सरकेनात. आमच्याइतकंच उडतात, आणि तास कमी! कॅप्टननी एक दिवस नोंदी उलगडून बघितल्या.

शेठजी प्रत्येक उड्डाणातून जमिनीवर चाललेला वेळ वजा करत होते. ऑफिसपासून धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि परत येण्याचा. फक्त हवेतला वेळ लिहायचे.

"असं का करता?" कॅप्टननी डोक्याला हात लावला.

"म्हणजे काय साहेब, ते बारदान झालं ना! पोत्याचं वजन कापसात कसं धरायचं?"

कॅप्टननी त्यांना नियम परत वाचून दाखवला. शेठजी म्हणाले, "साहेब, बारदानासकट माल मोजा असं सांगणारं सरकार मी पहिल्यांदा बघतोय."

*

पिंपळनेरचे रवी आणि संजू हे चुलतभाऊ. दोघांना लायसन्स मिळालेलं. दोघं एकाच विमानातून जळगावला जाऊन आले आणि दोघांनी आपापल्या लॉगबुकात लिहिलं की विमान माझ्या ताब्यात होतं. कॅप्टननी दोघांना बाकावर बसवलं.

"एका ट्रॅक्टरवर दोघे बसले, तर दोघांनी नांगरलं असं म्हणतात का?"

"नही सर," रवी म्हणाला, "एक जन स्टेअरिंगवर ऱ्हास, दुसरा मडगार्डवर."

"मग स्टेअरिंगवर कोण होतं?"

संजूने हळूच रवीकडे बोट केलं आणि विचारलं, "पन सर, मडगार्डवालाना रकाना कोठे शे?"

"एसटीच्या तिकिटावर," कॅप्टन म्हणाले.

*

आता किशोरभाऊ. क्लबचे मॅनेजर. माणूस गोड, चहा पाजणारा, आणि त्यांचं पेन विमानापेक्षा वेगवान. सकाळी दिवसाचं वेळापत्रक लागलं की ते चहा पिता पिता ऑफिसात ठेवलेल्या आमच्या लॉगबुकांत वेळा टाकून मोकळे व्हायचे, आम्ही उडण्याआधीच. संध्याकाळची गर्दी टळते म्हणे. कॅप्टनना याचा पत्ता नव्हता.

माझं लायसन्स एकाच उड्डाणावर अडलं होतं. धुळ्याहून जळगाव, तिथे उतरायचं, मग संभाजीनगर, तिथे उतरायचं, आणि परत. एकटीने. लेखी परीक्षेच्या निकालाची मुदत त्या हिवाळ्यात संपत होती. ते चुकलं की परत पहिल्यापासून अभ्यास, परत परीक्षा, आणि मी घरच्यांना ओळखते, परत परवानगी मिळाली नसती.

किशोरभाऊंनी मला बाजूला घेतलं. "ताई, कशाला एवढी दगदग? घरचंही तुम्हाला बघावं लागतं. लिहून टाकू ना आपण. सगळीकडे असंच चालतं."

मला इतका राग आला की चहा तसाच ठेवला. "किशोरभाऊ, उद्या मी माझ्या मुलांना विमानात बसवणार आहे. तुमचं पेन उतरवणार का त्यांना खाली?"

ते हसले. "तुम्ही फार मनावर घेता बुवा."

घेतेच. एवढ्यासाठी मी दर शनिवारी सकाळची बस पकडत नव्हते.

*

घरी वेगळंच. आबा म्हणजे माझे सासरे. माझ्या शिकण्याला त्यांनी कधी आडकाठी केली नाही, पण एकटीने एवढं लांब जायचंय हे ऐकल्यावर जेवता जेवता हात थांबवला.

"एकली जावानं नही. संगे कोनी तरी पाहिजे."

माहेरी जाताना सोबत, बँकेत जाताना सोबत, जळगावला दातांच्या डॉक्टरकडे जातानाही सोबत, धुळ्याच्या बसमध्येही कोणी ना कोणी सोबत. धावपट्टीभोवतीच्या घिरट्या सोडल्या तर लग्न झाल्यापासून मी कुठेच एकटी गेलेली नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर होतं. मी नियमांचं पुस्तक आणलं आणि आबांना वाचून दाखवलं: विमानात दुसरं कोणीही बसलं, तर ते उड्डाण एकट्याचं धरत नाहीत.

"म्हंजे सरकारच म्हनस का, बाईनी एकली जावो?"

"हो आबा. सोबत कोणी असलं तर लिहितच नाहीत."

आबांनी भाकरी मोडली. "मंग मी धुयाले येसू. इमानमा नही बसाव. खाल उभा ऱ्हासू."

*

तो रविवार. आबा खरोखर आले, पांढरी टोपी घालून, आणि कडुनिंबाखाली उभे राहिले. बाकावर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी गेले.

जळगावला प्रवासी विमान यायचं होतं, म्हणून मला तिथून निघायला खूप उशीर झाला. मी कॅप्टनना फोन केला. "घाई करू नकोस," म्हणाले आणि ते दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन वर गेले. धुळ्यात पुढे काय झालं ते मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. परतायची ठरलेली वेळ टळून गेली. पाचोऱ्याहून नवऱ्याने क्लबच्या ऑफिसात फोन केला. किशोरभाऊंनी माझ्या लॉगबुकात बघून सांगितलं, "ताई केव्हाच उतरल्या. एकदम वेळेवर."

नवऱ्याने आनंदाने आबांना फोन लावला. "आबा, ती उतरनी ना? दे तिले फोन."

आबांनी रिकाम्या धावपट्टीकडे पाहिलं आणि फोन बंद करून सरळ ऑफिसात शिरले.

"मनी सून कोठे उतरनी?"

"आबा, ते काय आहे, कागदोपत्री..."

"कागदवर नही. चाल बाहेर. कोठे उतरनी ते माले दखाड."

किशोरभाऊंना बाहेर यावं लागलं. मी येईपर्यंत आबांनी त्यांना उन्हात शेजारी उभं ठेवलं. प्रकाशशेठ, रवी, संजू सगळे बाकावर. कॅप्टन उतरून आले, त्यांनी लॉगबुक पाहिलं आणि तेही शेजारी येऊन उभे राहिले.

मी उतरले तेव्हा ऊन कललं होतं. हसू आवरत नव्हतं. इंजिन बंद केलं आणि वेळ बघितली. ऑफिसात जाऊन किशोरभाऊंच्या अक्षरातली ती ओळ मी आडव्या रेघेने खोडली, खाली माझी खरी वेळ लिहिली आणि एकटीने गेले असं नोंदवलं. कॅप्टननी सही केली.

आबा दारात उभे होते. त्यांनी बंडीच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि टेबलापाशी आले.

"साहेब, साक्षीदारनी सही कोठे करानी शे?"

लॉगबुकात एक टिंब जास्तीचं खपवून न घेणाऱ्या कॅप्टननी पान त्यांच्याकडे फिरवलं आणि शेरा लिहायच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.