गिधाडं उतरली तो दिवस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी चोरून खाल्लेली जिलेबीही चेहऱ्यावर दिसते.

आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं. गारखेड्यातल्या घरी पोरं जमली, की फर्माईश एकच — गिधाडं उतरली ती गोष्ट! मी ती लई रंगवून सांगतो. फक्त शेवट… थांबा. आधी म्हशीचं सांगतो.

दौलताबादकडं थोरल्या दादाचं शेत आहे. समोरच्या कड्यावर कित्येक वर्षांनी गिधाडांनी घरटी केली होती. त्यांच्यासाठी राबणारी अश्विनी गावात सांगत फिरायची — मेलेलं जनावर पुरू नका, माळावर टाकायला द्या. फक्त त्याला ते दुखण्यावरचं इंजेक्शन दिलेलं नसावं. तसलं मांस खाल्लं, की गिधाड मरतं. पारावर तिच्या बाजूनं भाषण कुणी ठोकलं? मीच. टाळ्याही घेतल्या.

मग दादाची म्हैस पडली. दादा डॉक्टर आणायला धावला. ती कण्हत होती — ऐकवेना. माझ्या पिशवीत माझ्याच कंबरेसाठी घेतलेल्या इंजेक्शनच्या कुप्या होत्या, सुईसकट. तेच औषध. मला माहीत नव्हतं? भाषणात नाव मीच घेतलं होतं ना! सगळ्या टोचल्या. दादा रिकामा परत यायच्या आत म्हैस गेली.

अश्विनी टेम्पो घेऊन आली. "मामा, हिला काही टोचलं होतं का?"

"नाय बा, डॉक्टरच घावला नाय," दादा म्हणाला. "जवळ हा होता. विचार आमच्या भाषणवाल्याला!"

सगळे हसले. मीही हसलो. "छे," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळावर झुडपाआड बसलो. गिधाडं वर घिरट्या घालत होती, खाली येईनात. येऊ नका — मी मनात म्हणत होतो. माझ्या मुठीत दगड होता. एक भिरकावला असता, तर सगळी उडाली असती. एक उतरलं. मग दुसरं. अश्विनीचे डोळे भरून आले, तिनं माझा दंड घट्ट धरला. आणि मी तो दगड खाली ठेवला — हळूच. आवाज होऊ नये म्हणून!

थोड्याच दिवसांत कड्याखाली दोन गिधाडं सापडली, माना टाकलेली. अश्विनी घरोघर विचारत फिरली — चुकून कुणी टोचलं का? आमच्याकडं मात्र ती चहाला आली. रडली. मी तिला पाणी दिलं.

आज कड्यावर घरटी वाढलीत. तिच्या चिकाटीनं. त्यात माझं काय?

गोष्ट मी गिधाडं उतरतात तिथंच थांबवतो. धाकटी पुतणी विचारते, "मग काय झालं, काका?"

मग ती पोटभर जेवली, मी म्हणतो.

पोरं टाळ्या वाजवतात. मी त्या घेतो.