उजव्या पायाची उडी

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तोफ नावाची मुलगी भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, खाली खुर्ची असल्यासारखी अधांतरी बसली होती. मांड्या थरथरत होत्या. समोर कपाटाच्या दारावर तिच्या हँडबॉलच्या सरांचा फोटो होता, संघाच्या फोटोतून कात्रीने कापलेला.

रात्रपाळीहून आलेली आई म्हणाली, "सकाळी सकाळी कसलं तोंड बघतेस गं? दिवस वाईट जाईल."

"त्यांचा जाईल."

तोफ हे नाव तिला हँडबॉलच्या मैदानावर पडलं. तिने चेंडू फेकला की समोरची गोलकीपर अंग चोरायची. वय एकोणीस. गेल्या वर्षी उपांत्य सामन्याआधी तिचा डावा गुडघा सुजला होता. सर म्हणाले, "नाटकं पुरे. उतर." ती उतरली. एका उडीनंतर डावा पाय टेकला आणि लिगामेंट तुटलं. सरांनी आधी बदली खेळाडूला हाक मारली, मग स्ट्रेचर मागवलं. दवाखान्यात ते फिरकलेही नाहीत. ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा मांडीचं पार चिपाड झालं होतं. त्या दिवसापासून तिला अंथरुणातून उठवत होता तो राग.

आज परीक्षा होती. एका पायावर लांब उडी मारायची, आधी बऱ्या पायाने, मग दुखावलेल्या. दुखावलेल्याने बऱ्याच्या नव्वद टक्के अंतर गाठलं, तरच फिजिओथेरपिस्ट ताई खेळायची परवानगी देणार. रविवारी सर संघ निवडणार होते. तोफेचा बेत पक्का होता: संघात यायचं आणि सगळ्यांदेखत जर्सी त्यांच्या पायाशी टाकून निघून जायचं.

उजव्या पायाने उडी. डाव्या पायाने उडी. फरक बोटभर.

"झाले ना पास?"

ताईने टेप गुंडाळला नाही. "उजव्याला काय झालं?"

"त्याला काय धाड भरलीय?"

"मागच्या महिन्यात याच पायावर तू त्या बाकापर्यंत गेली होतीस. आज हातभर अलीकडेच? डाव्याला पास करायला उजव्याला मुद्दाम नापास केलंस होय गं?"

तोफ उसळली. "रविवार हुकला तर त्यांना कधी दाखवू?"

"डावा टेकताना तू डोळे मिटतेस. माहितीये तुला?"

तिला माहीत नव्हतं.

"मैदानात तशी टेकलीस तर गुडघा पुन्हा जाईल. आणि तुझे सर म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो? पोरगी नाजूकच."

ते वाक्य तिला सरांच्याच आवाजात ऐकू आलं. ती बाकावर जाऊन बसली. बराच वेळ गुडघ्यावरचा व्रण खाजवत राहिली.

"नदीपलीकडच्या क्लबची निवड कधी असते?"

"तीन महिन्यांनी. का?"

"तो क्लब दर मोसमात सरांच्या संघाविरुद्ध खेळतो. जर्सी टाकून काय होणार, ते दुसरीला घालतील. माझे गोल मात्र त्यांना मोजावे लागतील."

ताईला हसू आलं. "भारी खुनशी आहेस."

"आहेच."

"मग डोळे उघडे ठेवायला शीक. गोल मारताना त्यांचं तोंड दिसायला नको?"

परवानगी मिळाली नाही. उद्या साडेसातला पुन्हा मोजणी आहे, आधी उजव्या पायाची.