मेन स्विच आणि बाबांचं गाऱ्हाणं

बाबा गेले त्यानंतर त्यांचा आवाज माझ्याकडे एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप कण्हायला लागला तसा मी घाबरलो. परळच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचा डेटा सांभाळणं हे माझं काम, आणि घरी मात्र ठणठण गोपाळ.

म्हणून नायगावला आमच्या चाळीच्या जागी झालेल्या नव्या टॉवरमधल्या घरात, देव्हाऱ्याखालच्या खणात, एक छोटा कॉम्प्युटर बसवला. त्यावर घातलेली सर्व्हरची प्रणाली इतकी हलकी, की ती सगळी मेमरीतच मावते. स्क्रीन नाही, माउस नाही, लॅपटॉपवरून कमांड टाइप करायच्या. रोज दुपारी मी बाहेर असताना लॅपटॉपमधलं सगळं त्याने आपणहून डिस्कवर उतरवून घ्यायचं, असं लावून दिलं. पहिल्या दिवशी हिरवा दिवा लुकलुकला. आपल्यामागे घरात कुणीतरी काहीतरी करतंय, एवढ्यानेही मला बरं वाटलं. माणूस एकटा पडला की कशात समाधान मानेल, सांगता येत नाही.

उतरवलेलं नीट उघडतं का, हे तपासायला हवं होतं. ऑफिसात हेच मी सगळ्यांना बजावतो. पण तपासायचं म्हणजे बाबांचा आवाज ऐकायचा, आणि ते माझ्याच्याने होईना.

गणपतीला गावी निघालो. बॅगा दाराबाहेर ठेवल्या, सिलिंडर बंद केला आणि बाबांची सवय म्हणून मेन स्विच खाली ओढला. गावाला जाताना मेन स्विच चालू ठेवणारा मालवणी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

परत आलो, स्विच वर केला, खणातला दिवा लागला, मी निर्धास्त. पण या प्रणालीची एक खोड आहे. केलेली मांडणी, म्हणजे कधी काय उतरवायचं ते, डिस्कवर जपून ठेव असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर वीज गेली की ती ते सगळं विसरते. ते सांगायचं मी विसरलो होतो. दिवा जळत होता आणि काम काहीच होत नव्हतं. हे कळलं ते लॅपटॉप कायमचा बंद पडला तेव्हा.

रविवारची दुपार होती. मजल्यावरची सगळी दारं बंद होती. चाळीत असतो तर माझा चेहरा पाहून एव्हाना कुणीतरी चहा घेऊन आलं असतं. ऑफिसातला लॅपटॉप जोडून मी डिस्क उघडली. गावी जाण्याआधी उतरलेलं सगळं तिथे होतं. बाबांची फाइलही दिसली. ती धड आहे का, हे कळायला आता ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ते गाऱ्हाणं होतं. आमच्याकडे मोठ्या माणसाने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चाळीत अख्खा मजला म्हणायचा. बाबांच्या शेवटच्या गणपतीत त्यांना गावचा प्रवास झेपणार नव्हता. टॉवरमध्ये आम्ही दोघंच, आणि मी रेकॉर्डिंग करताना मोबाइल हलू नये म्हणून श्वास रोखून उभा होतो.

"बा देवा म्हाराजा," बाबांचा आवाज आला, जरा घोगरा, पण धडधाकट. "ह्यो माझो झील माझ्यामागे एकटो पडतलो. तेका सांभाळ रे म्हाराजा."

मग शांतता. बाबा थांबले होते.

"अरे मेल्या, व्हय म्हण."

रेकॉर्डिंग तिथेच संपलं. मोबाइल खाली ठेवताना तेव्हा मीच ते बंद केलं असणार. मग मी काही म्हणालो होतो की नाही, ते मला आठवेना. मला रडू आलं. ते ओसरेपर्यंत मी देव्हाऱ्यासमोर बसून राहिलो, मग खणातल्या कॉम्प्युटरची मांडणी पुन्हा केली आणि या वेळी ती जपून ठेवायला सांगितलं.

फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. बाबा थांबले, तेव्हा रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा."