यादीतलं पाचवं नाव

जन्माची खिडकी आणि मृत्यूची खिडकी एकाच दालनात होती, मधे फक्त एक लाकडी फळी. फळीच्या अलीकडे मी मृत्यूच्या नोंदी करायचे, पलीकडे एक कारकून जन्माच्या. माझ्याकडे येणाऱ्यांना नाव निवडायचं नसे, ते आधीच ठरलेलं असे. त्यामुळे माझं काम झटपट उरकायचं आणि उरलेला वेळ मी पलीकडचा तमाशा ऐकण्यात घालवायचे. असा सव्वीस वर्षं ऐकला. लोक पोरांना नाव ठेवतात आणि ही बाई लोकांना नावं ठेवते, असं ऑफिसात माझ्याबद्दल म्हणत. म्हणेनात का.

नाव नोंदवायला येणाऱ्या जोडप्यांचे चेहरे एकदा बघायला हवेत. जगात मूल फक्त यांनाच झालंय आणि त्याचं नाव यांनी स्वतः समुद्राच्या तळातून काढून आणलंय, असा एकूण आव. "आम्हाला जरा वेगळं हवं होतं," असं प्रत्येक जण म्हणायचा. मग ते नाव उच्चारलं जायचं आणि मी मनात मोजायचे: या आठवड्यातलं चौथं. मागच्या बाकावर पाचवं मांडीत झोपलेलं असायचं. दोन्ही आया एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि पोराचं नाव कळलं की दोघींची तोंडं वाकडी व्हायची.

फळीपलीकडच्या त्या कारकुनाला सगळे यादीसाहेब म्हणत. साहेब तो कधीच नव्हता, पण यादी खरी होती. दर जानेवारीत तो एक मोठा पुठ्ठा आणायचा, त्यावर रंगीत पेनांनी गेल्या वर्षी सर्वांत जास्त ठेवलेली मुलांची दहा नावं आणि मुलींची दहा नावं लिहायचा आणि तो पुठ्ठा दाराशेजारी लावायचा. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. फार पूर्वी एकदा मोठे अधिकारी जाता जाता "छान आहे" म्हणाले होते, तेवढ्या शिदोरीवर त्याने पुढची वीस वर्षं काढली. त्याचं म्हणणं असं, की यादी वाचून लोक तीच ती नावं टाळतील. लोक काय करायचे ते मला दिसत होतं. बाई यादीसमोर उभी राहायची, एक नंबरच्या नावावर बोट टेकवायची आणि नवऱ्याला विचारायची, "हे कसं वाटतं?" मग दोघं खिडकीशी यायचे आणि सांगायचे, जरा वेगळं हवं होतं.

आता त्याच्या स्वतःच्या नावाबद्दल. ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्या ओळखीतली एखादी सहा वर्षांची पोर डोळ्यांपुढे येईल, आणि हा पोट सुटलेला, मिशाळ, गुडघ्यावर हात दाबून उठणारा माणूस तुम्हाला दिसायचाच नाही. तो लहान असताना ते अस्सल बाप्यांचं नाव होतं. त्याच्या वर्गात त्या नावाचे चौघे होते आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याचा दात पाडला होता, हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. पुढे टीव्हीवर एक मालिका आली आणि तिच्या नायिकेला कुणा दीडशहाण्याने हे नाव दिलं. नायिका कसली, रोज संध्याकाळी अर्धा तास रडायची. पण बायांना ते रडणं फार भावलं.

त्या नावाची पहिली मुलगी नोंदवायला आली तो दिवस मला लख्ख आठवतो. यादीसाहेबाची एक फुशारकी होती: नाव ऐकलं की मुलगा की मुलगी ते झोपेतही सांगेन. दवाखान्याची चिठ्ठी तो बघायचाच नाही. नाव ऐकायचा आणि लिंगाच्या रकान्यात थेट पुरुष किंवा स्त्री लिहून मोकळा व्हायचा. त्या दिवशी स्वतःचं नाव ऐकून स्वारी खुलली, आणि त्याने झोकात लिहिलं: पुरुष.

"अहो, मुलगी आहे ती," दाखला वाचून आई म्हणाली.

"हे मुलाचं नाव आहे."

"आजकाल तसं काही राहिलेलं नाही हो," बाप म्हणाला. बाप नेहमी असंच काहीतरी म्हणतात.

"माझं नाव आहे हे," यादीसाहेब म्हणाला.

आईने त्याला मिशीपासून पोटापर्यंत न्याहाळलं. "तुमचं?" तिने विचारलं. सगळं दालन हसलं. सर्वांत मोठ्याने मी हसले. त्याने मान खाली घालून नोंद खोडली, शेजारी सही केली आणि स्त्री लिहिलं.

तसं काही राहिलेलं नाही म्हणणाऱ्यांची गंमत मी सांगते. मुलांचं नाव मुलीला दिलं की आईबाप पुढारलेले, पोर हुशार निघणार, सगळे वा वा करणार. आणि मुलींचं नाव एखाद्या मुलाला देऊन बघा. सव्वीस वर्षांत तसं एकही जोडपं त्या खिडकीवर आलं नाही. नाव एकदा मुलींकडे गेलं की परत येत नाही. बायकांची वस्तू म्हटली की पुरुषांना ती लगेच विटाळते, मग ते नाव का असेना. हे सगळं मला तेव्हा कळत होतं. तरी मी हसले, कारण यादीसाहेबाचं हसं झालेलं बघायला मला आवडायचं.

पुढे त्याच्या टपालावर श्रीमती यायला लागलं. फोनवर लोक म्हणायचे, मॅडमना द्या. मीच बोलतोय म्हटलं तर म्हणायचे, नाही, आम्हाला मॅडमशीच बोलायचंय. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत त्याला गुरुवारी बोलावलं. गुरुवार बायकांचा. तो आम्हा अकरा जणींबरोबर फाईल छातीशी धरून बाकावर बसला, आणि डॉक्टरीणबाईंनी नाव पुकारल्यावर उठला. त्या नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. याने मोहीम काढली. आपलं नाव मुलीला ठेवायला कुणी आलं की हा आवाज उतरवून सांगायचा, "या नावाच्या मुली फार हट्टी निघतात. आमच्याकडे अनुभव आहे." मुलगा झालेल्यांच्या गळ्यात तेच नाव मारायला बघायचा: भारदस्त आहे, आता दुर्मिळ झालंय. मुलगेवाले तोंड वेंगाडून म्हणायचे, "ते मुलींचं ना?" शेवटी त्याने अक्कल गहाण टाकली. त्या वर्षी त्याच्या नावाच्या मुली झाल्या होत्या चौदा आणि मुलगे दोन. यादीसाहेबाने पुठ्ठ्यावर मुलांच्या रांगेत ते नाव पाचव्या नंबरवर चढवलं, आणि मुलींच्या रांगेतून सरळ उडवलं.

"हे पाचवं कुठून आलं?" मी फळीवरून विचारलं.

"नोंदी आहेत."

"दाखवा."

"बाई, तुम्ही तुमची मेलेली माणसं बघा."

मी नोंदवही काढून बघितली आणि तासाभरात साऱ्या ऑफिसला सांगितलं की यादी खोटी आहे. मला तोंड बंद ठेवता येत नाही, आणि कुणाचं खोटं झाकायची मला हौसही नव्हती. शिपायापासून वरपर्यंत सगळे पुठ्ठ्यासमोर उभं राहून दात काढून गेले. तरी त्याने तो उतरवला नाही. त्याला वाटत होतं, मुलगे झालेले आईबाप पाचवा नंबर बघतील आणि हुरळतील. पण मुलगे झालेल्यांनी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते वाचलं मुली झालेल्यांनी. मुलींच्या रांगेत नाही, मुलांच्या रांगेत आहे, म्हणजे मुलीला ठेवलं तर किती वेगळं वाटेल. पुढच्या वर्षी त्या नावाच्या अडतीस मुली झाल्या. मुलगा एकही नाही. तोवर वहीतल्या नोंदी कॉम्प्युटरवरही चढायला लागल्या होत्या, आकडे यंत्रातून छापून यायचे, लपवायची सोय उरली नव्हती. त्याने स्वतःच्या हाताने, लाल पेनाने, मुलींच्या रांगेत एक नंबरला स्वतःचं नाव लिहिलं. मला आठवडाभर जेवण गोड लागलं.

तेव्हा त्याची सून गरोदर होती. याची निवृत्ती जूनमध्ये, बाळ मे महिन्यात. डबा खाताना त्याने मला सगळा बेत सांगितला. नातू होणार, नाव आजोबांचं, आणि त्या खिडकीवरची शेवटची मोठी नोंद स्वतःच्या हातची.

"एक तरी मुलगा हवा हो बाई या नावाचा," तो म्हणाला. "नाहीतर माझ्यानंतर संपलंच."

"संपलं कसं? अडतीस आहेत की."

त्याने घास खाली ठेवला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मी विचारलं, "मुलाला सांगितलंत का?" तर म्हणे, सांगायला कशाला हवं, त्याला कळतं. मुलांना कळतं असं धरून चालणाऱ्या बापांच्या फाईली रोज माझ्या टेबलावर येत असत. पण हे मात्र मी बोलले नाही.

मुलगी झाली. त्याने ऑफिसात बिस्किटं वाटली आणि खुर्चीत बसून राहिला. नात झाली म्हणून तोंड एवढंसं करणारा आजोबा मला डोळ्यांसमोर नको असतो, मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "नात झाली याचं दुःख नाही हो. गोड आहे ती." खरंच नव्हतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. त्याला दुसरंच काहीतरी गेल्याचं दुःख होतं. तरी मी बिस्किट न खाता बाजूला ठेवलं.

अठरा दिवसांनी भर दुपारी, बाकीचे जेवायला गेलेले असताना, मुलगा आणि सून बाळाला घेऊन खिडकीशी आले. अर्ज घरूनच भरून आणला होता. यादीसाहेबाने चष्मा लावला, कागद वाचायला घेतला आणि थांबला. मी फळीवरून वाकले. नावाच्या चौकटीत त्याचं नाव होतं.

मी वाट बघत होते, आता हा म्हणणार, या नावाच्या मुली हट्टी निघतात. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतकी वर्षं ज्या नावासाठी तो आयाबायांशी खोटं बोलला होता, ते मुलीला दिलेलं बघून त्या माणसाचा चेहरा उजळला होता.

"अगं, हे तर माझं," तो सुनेला म्हणाला.

"हो ना बाबा, गंमतच झाली," सून म्हणाली. "आम्ही तुमच्या यादीतून काढलं. एक नंबरला होतं ना. मला इतकं आवडलं, आणि मग रात्री हे म्हणाले, अरे, हे तर बाबांचं नाव."

"माझ्या आधी लक्षातच आलं नाही," मुलगा हसत म्हणाला. "तुम्हाला सगळे बाबाच म्हणतात. चालेल ना तुम्हाला? नाहीतर दोन नंबरचं पण चांगलं आहे."

"चालेल की," यादीसाहेब म्हणाला. त्याने पेन उचललं, आणि कागदाकडे बघतच विचारलं, "मुलगा झाला असता, तर हेच ठेवणार होतात ना?"

"मुलाला? काहीतरीच काय बाबा. मुलींचं नाव आहे ते. शाळेत पोरांनी चिडवून जीव घेतला असता त्याचा."

सून बाळाला थोपटत म्हणाली, "आणि बाबा, आपल्या घराच्या दारावरच्या पाटीवर तुमचं नाव आहे ना, ती बदलायची पण गरज नाही. उद्या कुणीही वाचलं तरी हिचीच वाटेल." हे ती लाडाने म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, तेच मला जास्त लागलं.

यादीसाहेबाने लिंगाच्या रकान्यात आधी स्त्री लिहिलं, मग नाव. अक्षर सुरेख आलं. शिक्का मारून दाखला दिला, बाळाच्या गालाला बोट लावलं, आणि ते तिघे गेले. मला मुलाचा राग आला, सुनेचा आला, त्या रडक्या नायिकेचा आला. स्वतःचाही आला, कारण अडतीस हा आकडा मीच त्याच्या तोंडावर फेकला होता.

थोड्या वेळाने तो गुडघ्यावर हात दाबून उठला आणि टेबलाटेबलावर जाऊन सांगायला लागला, नातीला माझं नाव ठेवलं, मुलाने हट्टच धरला, बाबांचंच नाव हवं म्हणाला. कुणी मान वर केली नाही. त्याचा शब्द कसा असतो हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"एक नंबरचं नाव आहे, साहेब," शिपाई म्हणाला. "यादीतूनच उचललं असेल."

"बाई होत्या तिथे," यादीसाहेब म्हणाला. "त्यांनी सगळं ऐकलंय. विचारा त्यांना." आणि बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला, कारण मी खरंच सगळं ऐकलं होतं.

सगळे माझ्याकडे वळले. मी हातातली नोंदवही मिटली.

"मुलगा म्हणाला, बाबांचंच नाव हवं," मी म्हणाले. "मुलगा झाला असता तरी हेच ठेवलं असतं म्हणाला. मी ऐकलं."

सगळ्यांना ते लगेच पटलं. शिपायाने उठून त्याचा हात हातात घेतला, बाकीचेही खुर्च्या सरकवून आले. त्या घोळक्यातून यादीसाहेब माझ्याकडे बघत राहिला. मी खोटं बोलले, हे त्या दालनात फक्त त्यालाच माहीत होतं.